नदी न ओलांडता पूर्णेला

बारसं होईस्तोवर यातला एक शब्द लिहायचा नाही, अशी आईची ताकीद होती. गेल्या आठवड्यात बारसं झालं. बाळाच्या कानात मी नाव सांगितलं आणि आत्या म्हणून रिवाजाप्रमाणे पाठीत गुद्दे खाल्ले. त्यातले दोन-तीन तर अगदी मनापासून लगावलेले होते. आता लिहायला मी मोकळी आहे.

प्रवास तसा छोटा. जिंतूरच्या माळावरून निघून पूर्णा जंक्शनपर्यंत जायचं आणि परत यायचं, सगळा मिळून तासाभराचा. तेवढ्या वेळात आमच्या बोरीहून निघालेली एसटी जेमतेम परभणीला टेकते. पण ज्यांनी आपला जिल्हा वरून पाहिलेला नाही, आणि ज्यांनी सहा महिन्यांच्या गरोदर भावजयीला शेजारी बसवून विमान चालवलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दुसऱ्या गटात बहुतेक सगळेच येतात.

जिंतूरचा माळ

मी विमान चालवते. मोठं नव्हे, चार माणसांचं, एका पंख्याचं. पिकांची हवाई पाहणी करणाऱ्या एका कंपनीत नोकरी आहे. पोटाखाली कॅमेरा लावायचा आणि शेतांवरून सरळ रेघा मारत फिरायचं, हे माझं काम. आजवर गुजरातेत केलं, विदर्भात केलं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच आमच्या जिल्ह्याची पाळी आली. जिंतूर आणि बोरीच्या मधल्या माळावर एका बियाणेवाल्याची खासगी धावपट्टी आहे, तिथे आठवडाभर मुक्काम पडला. घर तिथून मोटारसायकलीवर अर्ध्या तासावर. बारा वर्षांच्या नोकरीत कामावरून घरी जेवायला जायचं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी आई आणि दादा विमान बघायला आले. मी तेव्हा उडण्याआधीची तपासणी करत होते. पंख्यापासून सुरुवात करून विमानाभोवती फिरायचं, प्रत्येक बिजागरीला हात लावायचा, चाकं बघायची, टाकीतलं थोडं तेल काढून उजेडात धरायचं. आई पदर डोक्यावर घेऊन बघत राहिली.

"रोज घालतीस का परदक्षणा, संगे?" तिनं विचारलं.

"रोज. प्रत्येक खेपेला."

"मंग बरं हाय," ती म्हणाली. देवधर्म सोडलेली मुलगी निदान विमानापुरती तरी ताळ्यावर आहे, याचं समाधान तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मी ते बिघडवलं नाही. तिनं पिशवीतून नारळ काढला आणि पंख्यावर फोडायला निघाली, तेव्हा मात्र मी आडवी गेले. शेवटी बाजूच्या दगडावर फोडला. खोबरं धावपट्टीच्या राखणदारापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी खाल्लं, आणि त्यामुळे पुढे एक परवानगी मागणं मला सोपं गेलं.

बोरी

माझी भावजय मीरा माझ्याहून चार वर्षांनी लहान, नात्यानं मोठी. म्हणून मी तिला वहिनी म्हणते आणि अगंतुगं करते. ती मला ताई म्हणते आणि अहोजाहो करते. माहेर पूर्णेचं. वडील, आप्पा, रेल्वेत गेटमन होते. आई लहानपणीच गेली. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं आणि झेंडी दाखवत उभं राहायचं, असं करत त्यांनी दोन पोरं वाढवली. दोन वर्षांपूर्वी कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून खाटेवर आहेत.

वहिनीची दोन गरोदरपणं अर्ध्यातच मोडली होती. हे तिसरं. दिवस राहिल्याचं कळलं त्या दिवसापासून तिला घरानं काचेच्या बरणीसारखं जपलेलं. एरवी आमचं शेत तीच बघते, दादाला हळद कधी काढायची तेही तिला विचारावं लागतं. ती बाई चार-पाच महिने माजघरातल्या पलंगावर बसून वाती वळत होती. इतक्या वाती झाल्या होत्या की आमच्या गल्लीतल्या सगळ्या देवांना दोन वर्षं पुरतील.

त्या रात्री आईनं डोहाळजेवणाचा बेत केला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, लिंबाचं लोणचं, भुईमुगाच्या ओल्या शेंगा मिठात उकडून. मी जिथे राहते तिकडे डोहाळजेवणाला हॉल घेतात, पाळणा भाड्यानं आणतात आणि पाहुण्यांचे फोटो काढतात. आमच्याकडे जेवताना एकच प्रश्न विचारतात, तो आईनं विचारला.

"काय खावं वाटायलंय, मीरा? मनात ठेवू न्हाई."

"खायाचं काई न्हाई, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "आप्पाला बघावं वाटायलंय."

आमच्याकडे रीत अशी, की पाच महिने भरले की पोटुशीनं नदी ओलांडायची नाही. आणि बोरीहून पूर्णेला जायचं म्हणजे नदी लागतेच. आप्पांना इकडे आणायचं तर रस्त्याचे हिसके त्यांना सोसत नाहीत. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, पण आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फोनवर त्यांना लेकीच्या जागी एक उजळ ठिपका दिसायचा, आणि लेकीला बापाची हनुवटी.

माझ्या आईला हसायचं तर मी हसू शकत नाही. मी आणि दादा, आमच्या मध्ये एक होतं. आठव्या महिन्यात आई माहेरच्या लग्नाला बैलगाडीतून दुधना नदीपार गेली आणि तिथेच ते गेलं. घरात हे कुणी बोलत नाही. मला मोठेपणी मावशीनं सांगितलं, तेही एका वाक्यात.

"विमानातून बघता येईल," मी बोलून गेले. घास हातातच राहिला, कारण काय बोलले ते मलाच नंतर कळलं.

पुढचे तीन दिवस बोलण्यात गेले. जिंतूरच्या डॉक्टरीणबाईंना दादा आणि मी वहिनीला घेऊन भेटलो. त्यांनी सगळे कागद पाहिले, वहिनीला तपासलं आणि मला खोदून खोदून विचारलं: किती उंच, किती वेळ, हवा कशी. मग म्हणाल्या, "बाळ चांगलं आहे, बाई चांगली आहे. सकाळच्या शांत हवेत, कमी उंचीवरून, तासाभरात परत. हरकत नाही. पट्टा पोटाच्या खालून बांधा. आणि खरं सांगू का, तिला तुम्ही घरात बसवून आजारी केलंय."

राहिली आई. तिनं रात्रभर विचार केला आणि सकाळी मला चुलीपाशी बोलावलं.

"वरून गेलं तर वलांडलं धरत्यात का न्हाई, मला ठाव न्हाई," ती म्हणाली. "म्हणून वलांडायचीच न्हाई. नदीच्या अल्याडून काय दिसंल ते दाखीव. शप्पथ घे."

"वाटेत ओढा लागतो, त्याचं काय?"

"वढा नदीत धरत न्हाईत."

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. नकाशा मला पाठ होता. अलीकडच्या काठावरून पूर्णा गाव म्हणजे क्षितिजावरची धुरकट रेघ दिसणार, माणूस दिसायची बात सोडाच. वहिनीलाही मी हे सांगितलं. तिनं तरीही पूर्णेला भावाला फोन केला. आप्पा म्हणाले, दिसो न दिसो, मला उचलून गच्चीवर बसवा.

दोन नद्यांच्या मधे

मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी, सकाळी आठला आम्ही निघालो. मॅनेजरनं खोबऱ्याला जागून एक फेरी मंजूर केली होती. वहिनी हिरवं लुगडं नेसून, गजरा माळून आली होती. निघताना आईनं तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि तिच्या पदराला एक गाठ मारली. मी म्हटलं, मीठमोहऱ्या असतील.

मी वहिनीची खुर्ची मागे सरकवली, पाठीशी उशी दिली, पट्टा पोटाखालून नीट बसवला. कानावर हेडफोन चढवताना गजरा चेंगरला, त्याचं तिला वाईट वाटलं. विमान पळायला लागलं तसा तिनं दोन्ही हातांनी पोटाला आधार दिला. चाकं सुटली. मी तिच्याकडे बघितलं.

"लाथ मारली," तिचा आवाज कानात आला.

"दुखतंय का?"

"न्हाई वो. खूश हाय ते."

खाली बोरी आली. आमच्या घराच्या पत्र्यावरचे दगडसुद्धा मोजता येत होते. मग वहिनीची शेतं आली, आणि तिचा सूर एकदम बदलला. सोयाबीन निघालेलं रान काळंभोर पडलं होतं, तूर पिवळ्या फुलावर होती, कापूस दुसऱ्या वेचणीला आला होता. हळदीच्या वाफ्यांत मात्र एका कोपऱ्यात पानं पिवळी पडलेली दिसत होती.

"हे बघा, पाणी तुंबायलंय तिथं," ती काचेला नाक लावून म्हणाली. "मला म्हणायलेत समदं झकास हाय. उतरल्यावर बघते त्यांच्याकडं."

दादाची त्या क्षणी मला दया आली. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा ती स्वतःसारखी बोलत होती.

मी विमान आग्नेयेला वळवलं. वाचकांना इथली जमीन समजायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या उजव्या हाताला दुधना, डाव्या हाताला पूर्णा नदी. दोघींच्या मधे आमचा मुलूख. जसजसं पुढे जावं तसतशा दोन्ही नद्या जवळ येतात, मधली जमीन निमुळती होत जाते आणि शेवटी दोघी मिळतात. पूर्णा नदीच्या नावाचं जंक्शन त्याच्याही पुढे. म्हणजे आईची शपथ पाळायची तर मला एका नरसाळ्यात शिरून त्याच्या तोंडाशी मागे वळायचं होतं.

सुरुवातीला नद्या दिसतही नव्हत्या. मग उजवीकडे एक चकाकणारी वळणं घेत आली, डावीकडे दुसरी आली. वहिनी धपाट्याचा तुकडा मोडून खात होती, मलाही भरवत होती. मधली गावं एकापाठोपाठ एक मागे पडली. कुठे कडब्याच्या गंजी, कुठे शाळेच्या मैदानात प्रार्थनेला उभी असलेली पोरं, सगळ्यांची तोंडं वर.

संगम

दोन्ही नद्या पंखांच्या टोकांशी आल्या तेव्हा मी वेग कमी केला.

"वहिनी, तो समोर धूर दिसतोय ना, ते पूर्णा गाव. इथून पुढे जाता येत नाही. मी एक गिरकी घेते, बघून घे."

मी डावीकडे झुकवून वळायला लागले. काचेवर तळहात ठेवून त्या धुराकडे बघत राहिली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी अर्धं वळले होते, आणि आईचा गळा की वहिनीचा बाप, असा हिशोब मनात घालत होते. मला दोन्ही बाजूंनी स्वतःचीच लाज वाटत होती.

"ताई," ती म्हणाली, "आत्याबाईनं सांगू नको म्हणलंय, पण आता सांगते." तिनं पदराची गाठ सोडून मांडीवर धरली. मूठभर तांदूळ, हळदकुंकू, सुपारी, खोबऱ्याचा तुकडा. नदीची ओटी होती ती.

"म्हणल्या, नदीपाशी गेल्यावर तुझ्या मनाला ईचार. मन म्हणलं तर जा, नदीची वटी भर आन् जा. संगीला सांगू नको. तिला नदी दिसत न्हाई, नुसता नकाशा दिसतो."

आईनं मला शपथेत बांधलं होतं आणि जिचा निवाडा होता तिला मोकळं सोडलं होतं. मला थोडा रागही आला. मग त्या रागाचंच हसू आलं.

"मग? मन काय म्हणतंय?"

तिनं डोळे मिटले. पोटावर हात ठेवला. तेवढ्यात माझी गिरकी पुरी झाली आणि संगम पुन्हा समोर आला.

"चला," ती म्हणाली.

मी बरोबर संगमावरून गेले. कुठली नदी ओलांडली असं कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही, दोन्हींचं पाणी एकदमच चाकांखाली होतं. चार सेकंदांत ते मागे गेलं. वहिनी घाईघाईनं खिडकीची कडी शोधत होती.

"फेकायचं नाही हं," मी ओरडले. "विमानातून काही टाकता येत नाही. नियम आहे."

"तांदूळ हायेत वो, दगड न्हाईत."

"तांदूळसुद्धा."

"मंग वटी कशी भरायची?"

तिनं गाठ परत बांधली आणि हात जोडून मागच्या मागे नदीला काहीतरी सांगितलं. काय ते मी विचारलं नाही.

पूर्णा जंक्शन

रेल्वेचे रूळ दिसायला लागले की पूर्णा चुकत नाही. तीन दिशांनी येऊन ते एकात एक शिरतात. वहिनी आता मला वाट दाखवायला लागली: हे स्टेशन, ही लाल कौलांची क्वार्टरं, त्या पाण्याच्या टाकीमागं आमचं घर. मी हजार फुटांवर गिरकी धरली. एका गच्चीवर हिरवं काहीतरी हलताना दिसलं. वहिनी जिवाच्या आकांतानं हात हलवायला लागली. जवळ गेल्यावर ते कुणाचंतरी वाळत घातलेलं लुगडं निघालं.

मग तिला घर सापडलं. गच्चीवर खुर्चीत एक म्हातारा बसला होता, पांढरी टोपी, शेजारी वहिनीचा भाऊ वर बोट दाखवत उभा. म्हाताऱ्याच्या हातात झेंडी होती. त्यानं ती ताठ वर धरली. लाल.

माझा हात आपोआप यंत्रांच्या काट्यांवर गेला. तेलाचा दाब बघितला, तापमान बघितलं, पंखावर काही लटकतंय का बघितलं. आमच्या धंद्यात खालून कुणी लाल दाखवलं तर त्याचा अर्थ धोका.

"काय झालं? काय दिसलं त्यांना?"

वहिनी हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "काई झालं न्हाई, ताई. थांब म्हणायलेत."

चाळीस वर्षं त्या हातानं गाड्या थांबवल्या होत्या. विमान थांबत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तरी त्यांना पटलं नसेल. मी दुसरी गिरकी घेतली. झेंडी लालच. तिसरी घेतली. वहिनीनं खिडकीच्या काचेला पोट टेकवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आप्पा, बघा." इंजिनाच्या आवाजात ते माझ्या कानातल्या यंत्राशिवाय कुणालाही ऐकू जाणार नव्हतं. आप्पांना दिसत तर नव्हतंच. पण ते मान वर करून आवाजाच्या मागोमाग तोंड फिरवत होते, अगदी बरोबर, पुऱ्या गिरकीभर.

चौथ्या गिरकीला त्यांनी लाल खाली ठेवली. थोडा वेळ हात रिकामाच राहिला. मग त्यांनी मांडीवरून दुसरी उचलली आणि हिरवी हलवली, सावकाश, आम्ही दूर जाईपर्यंत.

"जा म्हणायलेत," वहिनी म्हणाली. मला समोरचं नीट दिसेना. विमान चालवताना डोळे पुसायचे असतात हेही मला कुणी शिकवलं नव्हतं.

परत माळावर

परतीच्या वाटेत वहिनीला लघवीला लागली. डॉक्टरीणबाईंनी भरपूर पाणी पाजा म्हणून सांगितलं होतं आणि आम्ही ते शहाण्यासारखं ऐकलं होतं. शेवटची पंधरा मिनिटं तिनं आठवतील तेवढे पाढे म्हटले. धावपट्टीवर आई ओवाळायला तबक घेऊन उभी होती; वहिनी तिच्यासमोरून तडक ऑफिसातल्या संडासाकडे गेली. आई तबक हातात धरून तशीच उभी.

"बरी हाय ना?" आईनं विचारलं.

"बरी आहे. लय बरी आहे."

वहिनी बाहेर आली. आईनं ओवाळलं, भाकरतुकडा टाकला. आणि मग तिची नजर वहिनीच्या पदराकडे गेली. गाठ तशीच होती. आईचा चेहरा पडला. नदी ओलांडायची नाही म्हणून मला शपथ घालणाऱ्या बाईचा चेहरा, सून नदीपार गेली नाही असं वाटून पडला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"न्हाई गेलीस?" ती हळूच म्हणाली.

"गेले, आत्याबाई. बघून आले आप्पाला. त्यायनी झेंडी दाखविली." वहिनीनं माझ्याकडे बोट केलं. "वटी मातर ह्यायनी टाकू दिली न्हाई."

आईनं मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

दुधनेचा पूल

दुसऱ्या दिवशी मला परत जायचं होतं, पण सकाळी आईनं मला परभणीच्या रस्त्याला न्यायला लावलं. पुलाच्या मधोमध मोटारसायकल थांबवली. हिवाळ्याचं पाणी, संथ, काठाला लव्हाळे. आईनं कठड्याशी उभं राहून आपल्या पदरात बांधून आणलेली वहिनीची ओटी उघडली आणि तांदूळ ओंजळीनं खाली सोडले. नमस्कार केला. मी गाडीला किक मारणार तेवढ्यात तिनं आपल्या कमरेची दुसरी पुरचुंडी काढली. तेच सगळं: तांदूळ, हळदकुंकू, सुपारी, खोबरं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"तवाचं," ती म्हणाली. "लग्नाची घाई होती. बैलगाडी थांबविली न्हाई कुणी."

तिनं ते सावकाश सोडलं, एकेक चिमूट. मी गाडी बंद केली आणि तिचं होईपर्यंत तिच्याजवळ उभी राहिले.